रक्त पाजणाऱ्यांचा पंथ

प्रश्न : मी व्हॅम्पायरांच्या एका गुप्त धर्मपंथावर कादंबरी लिहिते आहे. संस्थापक ट्रान्सिल्व्हेनियातला सरदार आहे. तो सैतानाशी करार करतो आणि ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’च्या आडून पंथ उभा करतो. पहिली साठ पानं सोबत पाठवते आहे. वाचलेल्या तिघांनीही ‘हे आधी कुठेतरी वाचलंय’ असंच सांगितलं. पंथाचा उगम बदलायचा ठरवलं, तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमची साठ पानं मी दोनदा वाचली. वर्णनं चांगली आहेत, घोड्याच्या खुरांचा बर्फातला आवाज तर मला अजून ऐकू येतोय. पण वाचताना एक प्रश्न सतत टोचत राहिला : या सरदाराला पंथ हवाच कशाला? त्याच्याकडे गड आहे, नोकरचाकर आहेत, कुळं आहेत. भूक लागली की तो खाली गावात उतरतो. अशा माणसाला टोळी पुरते. एकट्याच्यानं पेलवणार नाही असं काहीतरी चारचौघांच्या खांद्यावर येऊन पडतं, तेव्हा पंथ उभा राहतो. म्हणून संस्थापकाचा चेहरा बाजूला ठेवा आणि त्या चौघांच्या खांद्यावर काय आलं ते आधी ठरवा.

ड्रॅगनच्या संघाबद्दलही सांगते. हंगेरीचा राजा सिगिस्मंड यानं तो १४०८ साली काढला. ऑटोमनांशी लढायचं आणि आपल्या भोवती निष्ठावान सरदारांचं कडं ठेवायचं, हा हेतू. आजच्या रुमानियातल्या वॉलेकियाचा व्लाद दुसरा १४३१ मध्ये न्यूरेंबर्गला त्यात सामील झाला. त्यावरून त्याला ‘ड्रॅकुल’ म्हणू लागले आणि त्याचा मुलगा तो ‘ड्रॅक्युला’. नावाची ही कथा मोहक आहे, मान्य. पण तो दरबारी मानाचा संघ होता. शपथ होती, गळ्याभोवती शेपूट गुंडाळलेल्या ड्रॅगनचं पदक होतं. एकत्र राहणं, रात्रीच्या प्रार्थना, नवशिक्यांची परीक्षा, यातलं काहीच नाही. धर्मपंथ लिहायचा तर मठात जायला हवं.

मी तुम्हाला मेलरोजला नेते. स्कॉटलंडच्या सीमाभागातला हा सिस्टर्शियन मठ, म्हणजे संत बेनेडिक्टची नियमावली पाळणाऱ्या एका ख्रिस्ती साधुसंघाचा, ११३६ साली स्थापन झालेला. विल्यम ऑफ न्यूबर्ग नावाचा यॉर्कशरमधला धर्मोपदेशक बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा इतिहास लिहीत होता. राजे, लढाया, करार लिहिता लिहिता तो मध्येच थांबतो आणि कबरीतून उठणाऱ्या मृतांच्या हकिकती सांगू लागतो. त्यांतली एक मेलरोजची.

एका उमरावाच्या घरच्या बाईंचा एक पाद्री होता. शिकारीचा आणि कुत्र्यांचा इतका नाद, की लोक त्याला ‘कुत्र्यांचा पाद्री’ म्हणत. मेल्यावर त्याला मठाच्या आवारात पुरलं. तो रात्री उठून मठात शिरू पाहायचा, तिथे काही चालेना, म्हणून बाईंच्या शयनगृहाभोवती कण्हत फिरायचा. बाईंनी मठातल्या एका वडीलधाऱ्या साधूला साकडं घातलं. तो साधू, त्याचा एक सहकारी आणि दोन धडधाकट तरुण असे चौघे कबरीपाशी जागत बसले. मध्यरात्र उलटली, काहीच घडेना, थंडी सोसेना. तिघं शेवटी जवळच्या घरात शेकायला गेले. साधू एकटा उरला आणि नेमका तेव्हाच मृत उठला. साधूनं त्याच्या अंगात कुऱ्हाड घातली. मृत ओरडत पळाला, कबरीनं त्याला आत घेतलं. आवाज ऐकून तिघं धावत आले, पण उशिरा. पहाटे उकरून पाहिलं तर प्रेतावर घाव आणि कबरीत पुष्कळ रक्त. मठाच्या हद्दीबाहेर नेऊन प्रेत जाळलं, राख वाऱ्यावर सोडली.

आता ती तीन माणसं शेकोटीपाशी होती तेवढा वेळ बघा. त्या वेळात काय घडलं ते एकाच माणसाला माहीत आहे आणि सगळी हकिकत त्याच्याच तोंडून आलेली आहे. कादंबरीकाराला इतिहासानं दिलेली याहून चांगली फट मला ठाऊक नाही.

इथून पुढचं माझं कल्पित. आवडलं तर घ्या.

साधूनं कुऱ्हाड घातली, हे खरं. पण पळणाऱ्या मृतामागे तो कबरीपर्यंत गेला. आतून कण्हणं येत होतं, तसं तो रोज आजाऱ्यांच्या खोलीत ऐकायचा. संत बेनेडिक्टच्या नियमावलीचं छत्तिसावं प्रकरण त्याला पाठ होतं : आजाऱ्याची सेवा सगळ्यात आधी, ती साक्षात ख्रिस्ताची समजून करायची. त्यानं मनगट पुढे केलं. सकाळी कबरीत सापडलेलं रक्त त्याचं होतं. प्रेत जळून गेलं, पण भूक त्याच्या अंगात उतरली होती. आठवड्याभरानं त्यानं रडत त्या तिघांना सांगितलं. तिघांसमोर दोन वाटा होत्या : याला जाळायचं किंवा याला आजारी मानायचं. शेकायला गेल्याची टोचणी त्यांच्या मनात होतीच. त्यांनी त्याला आजारी मानलं.

म्हणजे तुमचा पंथ रक्त पाजणाऱ्यांनी काढला आहे. पिणारा एक, पाजणारे तीन. गावातल्या कुणाला झळ लागू नये, म्हणून तिघांनी उचललेला भार. पुढच्या पिढीत प्रमाण बदलेल, पिणारे वाढतील, पाजणारे कमी पडतील आणि दया कधी हुकमात बदलली ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. ती तुमची कादंबरी.

मठाच्या रोजच्या जगण्यात यासाठी किती गोष्टी तयार आहेत ते पाहून मी थक्क झाले होते. बेनेडिक्टची नियमावली ७३ प्रकरणांची आहे. ती पहिल्यांदा सलग वाचली तेव्हा मी चौकटीच्या वहीच्या पानावर पेन्सिलीनं मठाच्या एका दिवसाचं वेळापत्रक काढलं. ते पान अजून टेबलाच्या खणात आहे. हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला, म्हणजे साधारण दोन वाजता, सगळे उठतात आणि अंधारात प्रार्थनेला उभे राहतात. झोपतात ते अंगातल्या कपड्यांनिशी, शयनगृहात पहाटेपर्यंत दिवा. रात्री मौन. चार पायांच्या प्राण्याचं मांस वर्ज्य, सूट फक्त अशक्त आजाऱ्यांना. आजाऱ्यांसाठी वेगळी खोली आणि वेगळा सेवक. सिस्टर्शियन मठांत वर्षातून चार वेळा सगळ्यांची शीर, म्हणजे रक्तवाहिनी, तोडून रक्त काढलं जाई, आपल्याकडे वैद्य ज्याला रक्तमोक्षण म्हणतात ते. नंतर थोडी विश्रांती. हे सगळं उघड, नियमानुसार चालत होतं. तुमच्या पंथाला लपवावं लागेल ते एवढंच, की काढलेलं रक्त पुढे कुठे जातं.

आणि एक, काळी कफनी काढून टाका. सिस्टर्शियन साधू न रंगवलेल्या लोकरीचे पांढरे झगे घालत. पांढऱ्या झग्यावरचा एक ठिपका तुमचं एक अख्खं प्रकरण उभं करील.

पंथ गुप्त का झाला, याचं उत्तर सैतानात शोधू नका, १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेत, म्हणजे पोपनं रोमला बोलावलेल्या चर्चच्या सभेत, शोधा. तिच्या पहिल्या ठरावात भाकरी आणि द्राक्षारसाचं ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात रूपांतर होतं, या सिद्धांताला अधिकृत शब्द मिळाला. तेराव्या ठरावानं नवे पंथ काढायला बंदी केली. अठराव्यानं धर्मगुरूंना चिरफाड आणि डागण्यांची शल्यक्रिया मना केली. त्या आजारखोलीतल्या माणसांच्या जागी उभ्या राहून हे तीन ठराव ऐका. रक्ताचं महत्त्व कधी नव्हे इतकं ठासून सांगितलं गेलं, त्याच सभेत त्यांचा पंथ बेकायदा ठरला आणि त्यांच्यातल्या दीक्षित धर्मगुरूंच्या हातातली सुरी गेली. आता शीर तोडायला बाहेरचा न्हावी आणायचा म्हणजे गुपितात परका माणूस घ्यायचा. या न्हाव्याला नीट लिहा, घाईत उरकू नका. पंथातला पहिला खून त्याचा होईल असं मला वाटतं, आणि तो वाचकाला लागला पाहिजे.

ट्रान्सिल्व्हेनिया सोडवत नसेल तर सोडू नका. तिथल्या कर्त्सा गावी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सिस्टर्शियन मठ उभा राहिला, १२४१ च्या मंगोल स्वारीत त्याची नासधूस झाली आणि १४७४ मध्ये राजा मॅथिआस कॉर्विनसनं तो बंद केला. सगळ्या सिस्टर्शियन मठाधिपतींची फ्रान्समध्ये सितो इथे वार्षिक सभा भरे, लांबच्यांना दर वर्षी येण्यातून सूट असे. मेलरोज आणि कर्त्सा, दोन्ही टोकं लांबची. दोन मठाधिपती सभेत एकमेकांशेजारी बसतात, तेवढं पुरे आहे. तुमचं बर्फ आणि ते घोडे तिथे वापरता येतील.

प्रश्न : बाराव्या शतकातले माझे साधू एकमेकांना ‘व्हॅम्पायर’ म्हणतात. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. हा शब्द पश्चिम युरोपात पसरला तो अठराव्या शतकात, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या ताब्यातल्या सर्बियामधून. १७२५ मध्ये किसिल्येवो गावचा पेतार ब्लागोयेविच मेल्यावर आठ दिवसांत नऊ माणसं दगावली आणि त्याला दोष लागला, तो अहवाल व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. १७३२ च्या जानेवारीत लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्यूकिंगर यानं मेद्वेजा गावातल्या प्रेतांच्या तपासणीचा अहवाल दिला आणि मग युरोपभर हाच विषय झाला. फुगलेलं पोट, तोंडातून आलेला लालसर द्रव, वाढल्यासारखी वाटणारी नखं ही कुजण्याचीच लक्षणं आहेत. पोटातले वायू द्रव वर ढकलतात आणि कातडी आक्रसली की नखं लांब दिसतात. पण उकरणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

विल्यमनं दुसऱ्या एका हकिकतीत अशा प्रेताला ‘सॅंग्विसुगा’ म्हटलंय, लॅटिनमध्ये जळू. तो शब्द शत्रूच्या तोंडी द्या. तुमचे साधू आपल्या माणसाला ‘आजारी बंधू’ म्हणतील, आणखी काही नाही.

कादंबरी अठराव्या शतकापर्यंत येणार असेल तर १७५५ विसरू नका. हॅब्सबर्ग सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपला वैद्य गेरार्ड व्हॅन स्वीटन याचं मत घेतलं. त्यानं हे सगळं अज्ञान आहे असं कळवलं आणि प्रेतं उकरणं, जाळणं बंद करण्याचा हुकूम निघाला. खऱ्या जगात तो शहाणपणाचा हुकूम होता. तुमच्या जगात मात्र तोच पंथाची ढाल होतो, कारण आता कबरी उकरता येत नाहीत.

प्रश्न : गुप्त पंथाचा उगम वाचकाला सांगायचा कसा? मी एका म्हाताऱ्या ग्रंथपालाकडून तेरा पानं सांगून घेतली आहेत.

उत्तर : त्या तेरा पानांतला ग्रंथपाल मला आवडला, त्याचं भाषण नाही आवडलं. गुपित सांगितलं की संपतं. ते कागदावर सापडू द्या.

१६१४ साली जर्मनीत कासेल इथे एक निनावी पुस्तिका छापली गेली. ‘गुलाब आणि क्रूस’ बंधुसंघाची स्थापना कशी झाली, बंधूंनी कोणते नियम पाळले, हे तीत होतं. संस्थापकाची विसरलेली समाधी १२० वर्षांनी एका बंधूला भिंतीआड सापडते : सात भिंतींची खोली, आत उजेड आणि न कुजलेलं शरीर. तुमच्या विषयाच्या हे किती जवळ आहे बघा. असा संघ तेव्हा असल्याचा पुरावा नाही. तरी लोकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि ‘आम्हालाही आत घ्या’ म्हणून जाहीर पत्रं छापली. मला वाटतं, तो विश्वास बसला नियमांमुळे. आजाऱ्यांवर फुकट उपचार करायचे, ठरावीक पोशाख घालायचा नाही, वर्षातून एकदा भेटायचं, मरण्याआधी आपल्या जागी एकाला नेमायचं, शंभर वर्षं संघ गुप्त ठेवायचा. इतकं रोजचं, इतकं साधं कुणी उगाच कशाला रचेल, असं वाचणाऱ्याला वाटत गेलं असणार.

तेव्हा तुम्ही पंथाची जुनी भाकितं, रक्तानं लिहिलेले करारनामे वगैरे काढून टाका आणि ग्रंथपालाच्या हाती मठाच्या आजारखोलीची हिशेबाची वही द्या. त्याला तीत काही विशेष दिसू नये. मेणबत्त्या, व्हिनेगर, पट्ट्यांचं कापड. मग रक्त काढण्याच्या दिवसांच्या नोंदी, वर्षातून चार, सगळ्या एकाच ठशाच्या. पानं उलटता उलटता त्याचं बोट एका आकड्यावर थांबू दे. मागच्या नोंदीतही तेच, त्याच्या मागच्या वर्षीही तेच : बंधू बावीस, वाट्या बावीस, धुवायला आल्या एकवीस.