कात्री लावायच्या आधी

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पणजोबांचे मोडी दस्त सापडले, जमीन कशी गेली ते त्यात आहे, आणि आता ते कापून तू हाताने करतेस त्या, पंख्यासारख्या उलगडणाऱ्या घडीच्या पुस्तकात डकवावेत की प्रती लावाव्यात, या पेचात तू आहेस. "प्रत लावली तर खोटं वाटेल," असं लिहिलंयस. वाचून धस्स झालं. हेच मी एकदा बोलले होते.

मूळ कागदाला कात्री लावू नकोस.

इंग्रजी अमदानीवर पुस्तक करतेस ना? मग फोर्ब्स वॉटसनचे खंड बघ. लंडनच्या इंडिया ऑफिसातल्या या माणसाने 1866 मध्ये हिंदुस्थानी कापडाच्या नमुन्यांचे 18 खंड काढले. 700 नमुने, 20 संच; म्हणजे 14,000 तुकडे. पागोटी, धोतरं, लुगडी कापून पानापानांवर डकवलेली. सोबत मूळ कापडाची लांबी, रुंदी, वजन, गाव. इथली माणसं काय नेसतात हे विलायतेतल्या गिरणीवाल्यांना कळावं, म्हणजे तसंच विणून इथेच विकता येईल. 13 संच तिकडे ठेवले, 7 इकडे पाठवले. खंड फार देखणे आहेत, नजर हटत नाही. पण त्यातलं एकही पागोटं आता कुणाच्या डोक्याला बांधता येणार नाही. तू त्याच्याविरुद्ध पुस्तक करणार आणि कात्री मात्र त्याचीच चालवणार?

आजीचं इरकली लुगडं मी हाताने बांधलेल्या माझ्या एका पुस्तकाच्या 12 प्रतींसाठी कापलं. प्रत्येक मुखपृष्ठावर चार बोटं पदर. माझ्याच घरातलं, मी कापलं तर काय बिघडलं, असं वाटलं. प्रती गेल्या. दोन वर्षांनी आई म्हणाली, "तिचा तो लाल पदर काढ गं, जरा बघू दे." माझ्याकडे वीतभर काठ उरला होता. पुस्तक वाईट नव्हतं, हे आजही ठासून सांगेन. दोऱ्याने शिवलेली जुजबंदी बांधणी, एक टाका सैल नाही. आणि अडवणारं तेव्हा कुणी भेटलं नव्हतं. पण आईला पदर दाखवायला बारा घरं हिंडवू का?

तू पाठवलेला फोटो पुन्हा बघ. वर स्टँपवर राणीचं डोकं, खाली मोडीच्या ओळी, शेवटी सहीच्या जागी नांगराची निशाणी. तिन्ही एका कागदावर आहेत, हीच तर तुझी गोष्ट. कापलास की ती गेली.

खरं हवंय, तर हाताने उतरवून काढ. मोडी येत नाही हे मला सांगू नकोस, शीक. बोरूने एकेक ओळ गिरवशील तेव्हा कळेल, लिहिणाऱ्याने घाई कुठे केली, शाई कुठे संपली. ती प्रत खोटी कशी ठरेल? तुझे महिने जातील तिच्यात. बिघडली तर दुसरा कागद घेशील. मूळ दस्ताला दुसरा कागद नाही. तो पुस्तकात हवाच असेल तर मागच्या पुठ्ठ्याला खिसा कर आणि सुटा ठेव. खळसुद्धा लावायची नाही, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली तर नाहीच नाही.

रविवारी ये. दस्त पिशवीत दुमडून आणू नकोस, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आण. बोरू मी तासून ठेवते.

तुझी,
ताई