मथियास राजाची पुस्तकं कुणी नेली?

प्रश्न : बुडापेस्टच्या सहलीत गाइडने सांगितलं, की मथियास कॉर्विनस राजाचं मोठं ग्रंथालय तुर्कांनी १५२६ मध्ये लुटून जाळून टाकलं. पुढे व्हिएन्नात मात्र त्याच ग्रंथालयातली पुस्तकं आहेत असं कळलं. सगळं जळालं, तर ही कुठून आली? – एक वाचक, सांगली

उत्तर : लूट झाली हे खरं. पण तुर्क बुडात (तेव्हाची राजधानी, आज बुडापेस्टचा भाग) शिरले त्याच्या छत्तीस वर्षं आधीच या ग्रंथालयाला गळती लागली होती, आणि ती राजवाड्याच्या आतून होती. माझी सगळी नोकरी हस्तलिखितांच्या दालनात गेली, त्यामुळे मला हाच भाग जास्त टोचतो.

मथियास १४५८ मध्ये हंगेरीच्या गादीवर आला. १४७६ मध्ये नेपल्सची राजकन्या बेआत्रिचे राणी म्हणून आली आणि इटलीतले विद्वान, चित्रकार यांची वर्दळ वाढली. पार्माचा तादेओ उगोलेतो ग्रंथपाल झाला. बुडात १४७३ मध्येच आंद्रेआस हेसने छापखाना चालवून पुस्तक काढलं होतं, तरी राजाचा जीव हस्तलिखितांवर. फ्लॉरेन्समध्ये आत्तावांतेसारखे चित्रकार त्याच्यासाठी चर्मपत्रावर सोन्यारंगांत पानं सजवत. समासाच्या वेलबुट्टीत चोचीत अंगठी धरलेला डोमकावळा, विहीर, मधमाश्यांचं पोळं, वाळूचं घड्याळ अशी राजाची चिन्हं दिसली, की अभ्यासक ओळखतात : ही ‘कॉर्विना’, म्हणजे मथियास कॉर्विनसच्या ग्रंथालयातली प्रत. ग्रंथ सुमारे दोन ते अडीच हजार असावेत असा अंदाज आहे. लॅटिनइतकाच ग्रीक ग्रंथांचा साठा मोलाचा होता.

६ एप्रिल १४९० रोजी मथियास व्हिएन्नात वारला. फ्लॉरेन्समध्ये कितीतरी ग्रंथ अर्धवट होते आणि आता पैसे देणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच्यासाठी सुरू झालेलं तीन खंडी बायबल तिथेच राहिलं, तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याकडे गेलं आणि आज तिथल्या लाउरेंत्सियाना ग्रंथालयात आहे. गादीवर आलेल्या व्लादिस्लाव दुसऱ्याला ना या छंदाची गोडी, ना तिजोरीत पैसा. राजदूत म्हणून वारंवार बुडाला येणारा व्हिएन्नाचा क्युस्पिनियान ग्रंथ घेऊन गेला. १५२५ मध्ये आलेल्या ब्रासिकानस या विद्वानाला तर व्लादिस्लावचा मुलगा, तरुण राजा लायोश यानेच काही ग्रंथ दिले. या दोघांचे संग्रह पुढे व्हिएन्नाचा बिशप फाब्री याच्याकडे आले आणि तिथून शाही ग्रंथालयात. तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हे.

उसने दिलेले ग्रंथ परत मागायचे असतात, आणि राजाने ते मागितले नाहीत याचा मला अजून राग येतो. पण त्या बेपर्वाईनेच बाहेर गेलेले ग्रंथ वाचले, हेही नाकारता येत नाही.

२९ ऑगस्ट १५२६ ला मोहाचच्या लढाईत लायोश मारला गेला आणि सप्टेंबरात तुर्कांचा सुलतान सुलेमान बुडात आला. शहर पेटलं, राजवाडा मात्र त्याने राखला. ग्रंथ इस्तंबूलला गेले. सैनिकांच्या हातीही काही लागले. त्यातल्या एका सैनिकाकडून हेलिओदोरसच्या ग्रीक कादंबरीचं हस्तलिखित ओब्सोपेउस या विद्वानाकडे आलं आणि १५३४ मध्ये बासेलला त्यावरून ती कादंबरी पहिल्यांदा छापली गेली. लायोशची विधवा राणी मारिया हिच्याबरोबर आत्तावांतेने चितारलेला मिस्साचा (चर्चमधल्या उपासनेचा) ग्रंथ ब्रुसेल्सला पोचला. तिथले राज्यकर्ते पुढे त्यावर हात ठेवून शपथ घेत.

इस्तंबूलच्या तोपकापी या सुलतानांच्या राजवाड्यात काही कॉर्विना शिल्लक आहेत, हे १८६२ मध्ये हंगेरियन अभ्यासकांनी प्रत्यक्ष पाहिलं. १८६९ मध्ये सुलतान अब्दुल अझीझने चार ग्रंथ ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ योसेफ याला दिले. १८७७ मध्ये अब्दुल हमीदने पस्तीस हस्तलिखितं बुडापेस्टच्या विद्यापीठाला पाठवली. रशियाशी युद्ध सुरू असताना हंगेरियन विद्यार्थ्यांनी तुर्कांची बाजू घेतली, त्याची ही परतभेट. सगळी मथियासची नव्हती, आणि मूळ बांधणी काढून त्यांवर चंद्रकोरीची नवी चामडी बांधणी चढवली होती. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला अशा बांधणीची हळहळ वाटते. जुनी शिवण, जुने पुठ्ठे यांतूनच ग्रंथ कुठे बांधला हे कळतं.

आज खात्रीने ओळखलेल्या कॉर्विना दोनशेच्या थोड्या वर आहेत. सर्वांत मोठे साठे बुडापेस्ट आणि व्हिएन्नात. हा विखुरलेला संग्रह २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आला. पुन्हा बुडापेस्टला जाणं झालं नाही तरी हंगेरीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॉर्विनांची पानं इंटरनेटवर ठेवली आहेत. फिलोस्त्रातस या ग्रीक लेखकाचा ग्रंथ आधी उघडा आणि चित्रं मोठी करून समास बघा.