आईची पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, आता परत रक्त गेलं. डॉक्टर म्हणतात भूल न देता ओपीडीतच गर्भपिशवीत दुर्बीण घालून बघू. करू का?

ताई, करा, आणि लवकर करा. तुम्ही लिहिलंय की दोनदा थोडंसंच गेलं, सोनोग्राफीत गर्भपिशवीचं आतलं अस्तर ८ मिमी जाड आलं आणि आई म्हणतेय आता थांबलंय ना मग कशाला. हेच मीही घरी म्हणत होते. मी ठाण्याला नौपाड्यात राहते, दोन वर्षांपूर्वी, ५७ व्या वर्षी मला डाग दिसायला लागले आणि मी पाच महिने घालवले, त्यातले तीन तर एका दवाखान्यात उष्णतेचं असेल म्हणून गोळ्या दिल्या त्या खाण्यात गेले, आतून तपासलंसुद्धा नाही. त्याचा राग अजून येतो मला.

पाळी सलग १२ महिने बंद राहिली की त्यानंतर एक डाग जरी पडला तरी तो दाखवायचाच. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, आतली त्वचा कोरडी, पातळ झालेली असते नाहीतर पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा मऊ कोंब, असतो, पण अशा शंभर बायकांत साधारण पाच ते दहा जणींना अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि त्या कॅन्सरचं पहिलं लक्षण बहुतेकींमध्ये हे रक्तच असतं, म्हणून बहुतेकदा वेळेत सापडतो आणि बराही होतो. आईंना शुगर आहे, वजन जास्त आहे, किंवा ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

सोनोग्राफी फक्त जाडी सांगते. ४ मिमीपर्यंत असेल तर सहसा घाबरायचं कारण नसतं, पण ८ म्हणजे आत नेमकं काय आहे ते बघावंच लागतं, आणि नुसतं क्युरेटिंग केलं तर ते न बघताच खरवडणं झालं, एका कोपऱ्यातला पॉलिप तसाच राहू शकतो.

आता दुखण्याचं. खोटं नाही सांगत, मला दुखलं. दुर्बीण जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरची असते, आत सलाईन सोडत सोडत नेतात, पिशवीच्या तोंडातून जाताना पाळीच्या पहिल्या दिवसासारखी जोरात कळ आली आणि बायोप्सीच्या वेळी, म्हणजे तपासायला अस्तराचा तुकडा घेताना, परत एकदा, मध्ये मात्र मी स्क्रीनकडे बघत होते. गुलाबी काहीतरी पाण्यात डुलत होतं, मला वाटलं लिंबाएवढं आहे, मॅडम म्हणाल्या अहो मोठं दिसतंय, हरभऱ्याएवढंच आहे, आणि तिथेच काढलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. सिस्टरने हात धरला होता, त्या हाताचा फार आधार वाटला. उठताना चक्कर आली म्हणून पाय वर करून झोपवलं, तसं होतं काहींना.

पण काही बायकांना खूपच दुखतं, ते सहन करत पडून राहायची काही गरज नाही. माझ्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, थांबा म्हणालात की मी थांबणार, मग दुसऱ्या दिवशी भूल देऊन करू. तुम्हीही हे आधी विचारून घ्या आणि डॉक्टर यावर वैतागले तर दुसरीकडे जा, खरंच. तासभर आधी कुठली पेनकिलर घ्यायची तेही विचारा (बीपी, किडनीचा त्रास असेल तर सगळ्या चालत नाहीत), रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, आणि उपाशी यायला सांगितलं नसेल तर थोडं खाऊन जा.

नंतर दोन-चार दिवस थोडं लाल जातं. ताप आला, वास यायला लागला किंवा पॅडवर पॅड भिजले तर लगेच परत जायचं. आणि बायोप्सीचा रिपोर्ट कागदावर घ्या, फोनवर "नॉर्मल आहे" एवढ्यावर सोडू नका, माझा पॉलिप साधा होता हे मी स्वतः वाचलं तेव्हा कुठे त्या रात्री झोप लागली.

येताना लोकलने उभ्याने आणू नका आईंना, रिक्षा करा.