डिस्टोपियन, म्हणजे दडपशाहीखालच्या भयाण काल्पनिक समाजात राहणाऱ्या माणसाच्या रोजनिशीचं एक पान लिहायचं आहे. सुरुवात कशी करू?

राजवटीच्या वर्णनाने तर मुळीच नको. मी पहिल्यांदा असं पान लिहिलं तेव्हा अर्धी जागा कॅमेरे, गस्त आणि संचारबंदीची माहिती देण्यातच गेली. पण रोजनिशी लिहिणाऱ्याला आपलं जग ठाऊक असतं, तो ते कुणाला कशाला समजावून सांगेल? आज काय गेलं, एवढंच तो लिहितो.

जन्माने ज्यू असलेले जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर नाझी राजवटीची बाराही वर्षं, १९३३ ते १९४५, रोजनिशी लिहीत होते. १९४२ मध्ये ज्यूंना पाळीव प्राणी ठेवायला बंदी झाली आणि क्लेम्पेरर यांना आपलं मांजर मारवून घ्यावं लागलं. ती नोंद वाचली की माझ्या पोटात आजही कालवतं. कायद्याची कलमं वाचून तसं होत नाही.

म्हणून आधी एक लहानशी वस्तू किंवा सवय निवडा, आजच हिरावली गेलेली. उदाहरणार्थ:

'मंगळवार. समोरच्या दारावरची नावाची पाटी काढली. तेवढा चौकोन उजळ दिसतो. जिन्यात कुणी थांबलं नाही, मीही नाही. मुलीने विचारलं, काकू कुठे गेल्या? मी म्हटलं, कोण काकू?'

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लिहिणाऱ्याला शूरवीर करू नका. त्याने आज काय खोटं बोललं, कुणाकडे पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, हे पानावर येऊ द्या.

भाषेकडेही नीट लक्ष द्या. जुलूम सोसणाऱ्यांच्या तोंडीही राज्यकर्त्यांचेच शब्द रुळतात, हे क्लेम्पेरर यांनी बारकाईने टिपलं होतं. तुमच्या माणसालाही एखादा सरकारी शब्द सहज वापरू द्या. शेजाऱ्यांना पकडून नेलं, असं न लिहिता तो 'त्यांचं स्थलांतर झालं' असं लिहील. मग पुढच्या ओळीत कधीतरी तो शब्द खोडून बघेल.

तारीख, हवामान वगैरे जेमतेम पुरे.

भीती मात्र लिहिण्याच्या पद्धतीत दिसली पाहिजे. क्लेम्पेरर यांची पत्नी लिहिलेली पानं एका डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन लपवत असे. ती पानं सापडली असती तर त्यांच्यासकट पानांत नावं असलेल्या सगळ्यांचा जीव धोक्यात आला असता. तेव्हा तुमच्या पानात माणसांची पूर्ण नावं नकोत, फक्त आद्याक्षरं. जिन्यात पावलं वाजली की वाक्य अर्ध्यावर तुटू द्या. आणि वही कुठे लपवली, हे त्याच्याकडून लिहवून घेऊ नका.