मेडल टॅलीत आपण नक्की कितवे?

प्रश्न: सर, पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये आपल्याला ६ मेडल मिळाली आणि पाकिस्तानला एकच, तरी ते ६२वे अन् आपण ७१वे. हे कसं काय? आणि लोकसंख्येनुसार काढलं तर नंबर बरोबर येतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: पाकिस्तानचं ते एक मेडल म्हणजे अर्शद नदीमचं भाल्यातलं गोल्ड. आपलं एक सिल्व्हर आणि पाच ब्राँझ. टॅली लावताना आधी फक्त गोल्ड बघतात, ते सारखे असतील तरच सिल्व्हर, म्हणून एक गोल्ड शंभर सिल्व्हरच्याही वर जातं, मला हे अजिबात पटत नाही. गोल्डला ३, सिल्व्हरला २, ब्राँझला १ असे पॉइंट दिले तर आपले ७ होतात, त्यांचे ३.

आता लोकसंख्येचं. ग्रेनाडा हा कॅरिबियनमधला सव्वा लाखाच्या आतला देश, पॅरिसला २ ब्राँझ, त्यातलं एक नीरजच्याच फायनलमध्ये अँडरसन पीटर्सचं. म्हणजे साधारण ६० हजार माणसांमागे एक मेडल. आपण १४५ कोटी, आणि पॅरिसला सगळी मिळून मेडल होती हजाराच्या थोडी वर. ती सगळीच्या सगळी आपण आणली असती तरी १४ लाखांमागे एक पडलं असतं, म्हणजे ग्रेनाडाच्या मागेच! शिवाय एका देशाला हॉकीची एकच टीम, टेबल टेनिस सिंगल्सला दोनच खेळाडू, तिथे लोकसंख्या कितीही असली तरी काय उपयोग. म्हणून नुसता भागाकार करून चालत नाही.

मला विचाराल तर पहिले आठ नंबर मोजा. अ‍ॅथलेटिक्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तसं टेबल निघतंच, पहिल्याला ८ पॉइंट, दुसऱ्याला ७, असं करत आठव्याला १. पॅरिसला आपले सहा चौथे नंबर आले होते हो, बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन, नेमबाजीत अर्जुन बबुता आणि मनू भाकरची २५ मीटर पिस्तूल, आणि टॅलीत त्या सगळ्यांचा हिशोब शून्य. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं ब्राँझ दिसतं, पण मीराबाई चानूने १९९ किलो उचलले आणि ब्राँझ २०० ला गेलं, त्या एका किलोसाठी तिची सगळी मेहनत टेबलातून गायब होते, आठ नंबरांच्या टेबलात मात्र तिचे ५ पॉइंट देशाच्या खात्यात पडले असते.