'शेवटचा' हा शब्द आधी खोड

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि. लिहिणार होते, पण तू माझ्याहून चाळीसेक वर्षांनी लहान. तेव्हा अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. मुंबईतले समाज, कला, इतिहास असे दहा भाग, आणि दहातल्या सहांच्या नावात 'शेवटचा', 'अखेरचे' नाहीतर 'लोप पावत चाललेली'. कम्युनिटी रेडिओवर अर्ध्या तासाची जागा मिळाली म्हणून तू खुशीत, आणि मी पहिल्याच पत्रात तुझ्या यादीवर रेघा मारतेय. राग मानू नकोस. हा उद्योग मीही वर्षानुवर्षं केलाय. 'शेवटचा' म्हटलं की निवेदनाचा गळा आपोआप दाटतो, मागे सारंगी लावली की भाग तयार. ऐकणारा हळहळतो. समोरच्या माणसाचं उद्या काय चाललंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

तुझ्या यादीतला चौथा विषय घे. शक्ती-तुरा, 'लोप पावत चाललेली लोककला'. तू एकदा तरी रविवारी नाट्यगृहाबाहेर उभा राहिलायस का? दोन शाहिरांचे फोटो समोरासमोर छापलेला फलक, मध्ये ठळक अक्षरात 'जंगी सामना'. आत गण, गवळण, मग सवाल-जवाब. मधोमध शाहीर नि ढोलकी, भोवती चाळ बांधलेली पोरं गोल फिरतायत. पोरं वीस-बावीसची, आठवडाभर कुठे कुठे नोकऱ्या करणारी. रत्नागिरीकडे हिला जाखडी म्हणतात, मुंबईकरांनी 'बाल्या नाच' नाव पाडलं, कानात बाळ्या घालून इथे घरकामाला येणाऱ्या कोकणी गड्यांवरून. ते नाव ऐकून काही शाहीर हसतात, काहींना राग येतो. आधी विचार, मग वापर.

आता खरी गोष्ट. तिथे तिकिटं कोण खपवतं, ते शोध. बहुतेक वेळा त्यामागे कुठल्यातरी वाडीचं मुंबई मंडळ असतं. देवळाचं छप्पर, शाळेची खोली, पाण्याची टाकी असं काहीतरी गावाकडे अडलेलं असतं, आणि त्यासाठी हा खेळ लावलेला असतो. मंडळातल्या प्रत्येकाच्या माथी दहा-वीस तिकिटं मारलेली. कुणी ऑफिसात खपवतो, कुणी स्वतःच्या खिशातून पैसे भरून मेव्हण्याला फुकट पाठवतो. कला टिकली ती या हिशेबाच्या वहीमुळे, आणि ती वही तुला दाखवायला कुणीही तयार होईल. फक्त मागायला हवी.

वहीचा माग काढलास तर गावकीच्या खोलीत पोचशील. लालबाग-परळच्या चाळीत अशा कितीतरी खोल्या होत्या, अजूनही काही आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकच पाहिलं: भिंतीलगत हातभर रुंदीची फळी, तिच्यावर ओळीने ट्रंका, प्रत्येकीवर रंगाने नाव. खाली जमिनीवर माणसं पाळीपाळीने झोपायची. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा. ट्रंकेइतकीच जागा प्रत्येकाची स्वतःची. जेवण खानावळीत. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. हा एक अख्खा भाग आहे आणि तुझ्या यादीत नाही. गोवेकरांच्या 'कुडी'ही गावकीच्या खोल्यांच्याच जातीच्या: धोबीतलाव, गिरगावात गावागावाच्या नावाने. हाही नाही.

संपावरचा भाग ठेव, पण त्यात तू एक वाक्य लिहिलंयस: 'संप संपल्यानंतर'. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, ही तारीख सगळ्यांना पाठ. संपला कधी? रीतसर मागे असा तो घेतलाच नाही. म्हणून ही तारीख पुस्तकात शोधू नकोस, माणसाला विचार: तुमच्यापुरता संप कधी संपला? एकाने मला सांगितलं, बायकोने तांब्याचा हंडा मोडीत घातला त्या दिवशी. दुसरा म्हणाला, माझा अजून चालू आहे. त्याला हसू येत होतं की नाही, मला टेपवरूनसुद्धा कळलं नाही.

गिरणगावात आता टॉवर आले, सगळं संपलं, असं तू शेवटी म्हणतोस. संपलं कुठे? दिवा, डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलं. माझी जुनी शेजारीण नालासोपाऱ्याहून गणपतीत आगमन बघायला अजून चिंचपोकळीला उतरते. तिच्या डब्यातून एकदा प्रवास कर, उतरलास की रेकॉर्डर बंद केलास तरी चालेल.

बेने इस्रायलींचंही, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचंही, असंच. मशीद बंदरच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचं सिनेगॉग मुंबईतलं पहिलं, 1796 चं, सामाजी हासाजी दिवेकरांनी उभारलेलं. कंपनीच्या फौजेतला माणूस. स्टेशनाचं नाव या सिनेगॉगवरून, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'जुन्या मशिदी'वरून पडलं, असं तिकडे सांगतात. हे सांगून झालं की बहुतेक वार्ताहर 'आता मोजकीच घरं उरली' म्हणून पडदा टाकतात. अरे, लोकल पकड की! ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं आहे आणि तिथला समाज नांदता आहे. आडनावं दिवेकर, पेणकर, नवगावकर. कोकणात असताना शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. घरात मराठी, आणि मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या आभाराच्या विधीच्या, ताटात गोड पोहे, खोबरं, फळं. ताट मांडताना मावशी कोण कुणाला काय ओरडतात, ते रेकॉर्ड कर. इतिहास दोन मिनिटांत सांगून मोकळा हो.

ईस्ट इंडियन समाजावर बोलताना मात्र नावाची फोड आधी कर, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल हे बंगालकडून आले. ही ख्रिस्ती मंडळी इथलीच, वसईपासून गिरगावच्या खोताच्या वाडीपर्यंतची, बोलीही मराठीचीच. गोवा-मंगळूरकडून नोकरीला आलेल्या ख्रिश्चनांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या साली, त्यांनी हे नाव घेतलं.

कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला जाऊ नकोस. त्या दिवशी तिथे माणसांपेक्षा कॅमेरे जास्त. जून-जुलैत जा, मासेमारी बंद असताना. होड्या ओढून शाकारलेल्या असतात, पुरुष जाळी दुरुस्त करत बसलेले असतात आणि बोलायला उसंत असते. गाणी आपोआप निघतात. तू 'कोळीगीत म्हणा' म्हणालास तर कॅसेटमधलं म्हणतील.

वाचायचं फार सांगत नाही. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' वाच, 1863 चं. या शहरावरचं मराठीतलं ते पहिलं पुस्तक. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुन्या स्मरणिका चाळ. मंडळांच्या स्मरणिकांतल्या जाहिराती लेखांपेक्षा जास्त खरं बोलतात: कुठला इराणी, कुठला शिंपी, कुठला बँडवाला.

आता चाळीत कसं जायचं ते. फोनवर वेळ ठरवताना पहिला प्रश्न: 'तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?' पाण्याच्या वेळेला गेलास तर माणूस तुझ्याशी बोलेल, कान मात्र मोरीकडे. मालिकेच्या वेळेलाही नको. पंखा बंद करायला सांगायचा तर आधी चहा घे. बोलणं झालं की एक मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज घे. संपादनात लागतो, आणि मला तर वीस वर्षांनी मुलाखतींपेक्षा त्याच मिनिटांत जास्त सापडलंय. शेजारच्या घरचा कुकर, जिना चढणाऱ्या चपला. लोकल गेली तर थांबू नकोस, जाऊ दे. भाग लागला की पुन्हा त्याच घरी जा आणि फोनवरून त्यांना ऐकव. चुका तिथेच कळतात. एका आजोबांनी मला ऐकून सांगितलं होतं, 'बाई, हे मीच बोललो, पण अर्ध्यात तोडलंय. पुढे मी त्याला माफ केलं होतं.'

आणि माझी चूक. 1991 च्या सुमारास लालबागच्या एका चाळीत एक आजी ओव्या म्हणायला बसल्या. दोन ओळींवर अडल्या. जातं कधीच गेलेलं. मग त्यांनी स्टीलची परात पालथी घातली आणि तिच्यावर तळवा गोल फिरवायला लागल्या, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. हात फिरला तशी एकामागून एक ओवी. चाळीस मिनिटं. मी त्यातली तीन लावली, कौतुक झालं, आणि कॅसेटवर लिहिलं: 'ओव्या, लालबाग.' बस. नाव नाही, मजला नाही, गाव नाही. बारा-तेरा वर्षांनी एक गृहस्थ विचारत आले, ती माझी आजी होती का म्हणून. चाळीच्या जागी तोवर टॉवर. मी कॅसेट लावली. ते खूप वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, 'सांगता येत नाही.' त्यांनी आजीला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. फोन नंबर ठेवून गेले. तो मात्र मी नीट लिहून ठेवलाय.

तुझ्या मित्राबरोबर 39 कॅसेट पाठवतेय. बाकीच्यांवर नावं आहेत. 14 व्या कॅसेटला, त्या 'ओव्या, लालबाग'ला, मात्र आधी हात घाल. ओवीत बाई भावाचं गाव सांगतेच, हिनेही सांगितलंय, बी बाजूला, सुरुवातीपासून सहाएक मिनिटांवर. नेमका तिथे पंखा खडखडतो. मला कधी तळवडं ऐकू येतं, कधी तळवणं. तुझे कान तरुण आहेत, हेडफोनही माझ्यापेक्षा बरे असतील. ऐक आणि काय ऐकू आलं ते मला लगेच कळव, रात्री उशीर झाला तरी.

तुझी,
ताई

ता. क. कॅसेट गुंडाळायच्या आधी पेन्सिल घालून फिरवून बघ. काही रिळं सैल झाली आहेत.