अंगठा ठणकतोय ना? मग ऐक

रोज दहा तास स्क्रिम्स, म्हणजे टीमच्या सराव मॅचेस, खेळतोस हे कौतुकाने सांगितलंस, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो हे मात्र जाता जाता. अरे, खरी गोष्ट तीच! बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये चार बोटांचा क्लॉ (बोटं पंज्यासारखी वाकवून फोन धरायची पद्धत) धरून मीही असंच रेटलं. शेवटी चहाचा कप उचलताना कळ यायची. दीड महिना फोन बाजूला.

लीग ऑफ लेजंड्स या कॉम्प्युटर गेमचा चिनी खेळाडू उझी २०२० मध्ये, २३ व्या वर्षी निवृत्त झाला. टाइप २ मधुमेह, वर हाताचं दुखणं. ताण, वाढलेलं वजन, अवेळी खाणं, जागरण, ही कारणं त्यानेच सांगितली.

दर मॅचनंतर ऊठ, लांबचं झाड बघ. पेनकिलर खाऊन खेळू नकोस. मुंग्या आल्या तर सरळ ऑर्थोपेडिककडे. रात्री दोनची मॅगीही सोड (माझी अजून सुटलेली नाही).